पार्किंगचे सहाशे रुपये आणि अर्ध्या आण्याचा कायदा

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती थोडी काढली आहे, बाकी मजकूर बोलला तसाच ठेवला आहे.)

आजचा भाग एका पगाराच्या चिठ्ठीपासून सुरू होतो. माझा मामेभाऊ उमरग्यात हायवेलगतच्या एका मोठ्या दुकानात कामाला आहे. बिलं करणं, हिशेब बघणं, गोडाऊनमध्ये काय आलं-गेलं ते लिहिणं, जे पडेल ते काम. पगार १३,००० रुपये. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात त्यानं मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो पाठवला. जानेवारीच्या पगाराची चिठ्ठी. खाली पेनानं लिहिलेलं : 'पार्किंग, ३ वेळा, ६००'. आणि त्याखाली त्याचा मेसेज, "दादा, सहाशे कापलेत बघ. असं कापता येतं का?"

प्रकरण असं आहे. दुकानासमोर फरशी घातलेली मोकळी जागा आहे, गिऱ्हाइकांच्या गाड्यांसाठी. डिसेंबरात तिथे बोर्ड लागला की कर्मचाऱ्यांनी इथे गाडी लावायची नाही, लावली तर दर वेळी २०० रुपये. कर्मचाऱ्यांनी मागच्या बोळात लावायच्या. बोळात अंधार, एकाच्या गाडीतलं पेट्रोल दोनदा गेलं, म्हणून हा तीन दिवस पुढे मोटारसायकल लावून मोकळा झाला. जागेवर मालकानं कंत्राटी माणूस ठेवलाय. तो फोटो काढतो आणि महिनाअखेरीला यादी आत देतो. आणि हो, बोर्ड लागला तेव्हा सगळ्यांकडून एका कागदावर सह्या घेतल्या होत्या, 'नियम मान्य आहे' म्हणून.

खरं सांगतो, मी "सही केलीस ना, मग आता काय बोलणार" असं टाइप केलं होतं. पाठवायच्या आधी खोडलं. कारण कामगारानं सही केली म्हणजे विषय संपला का, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. तो गिरणगावात विचारला गेला, त्यावर संप झाले, चौकशा झाल्या, आणि शेवटी त्याचं उत्तर कायद्यात लिहिलं गेलं. उत्तर आहे : नाही, संपत नाही. आज आपण ते उत्तर कुठून आलं ते बघू आणि मग परत उमरग्याच्या त्या फरशीवर येऊ.

चला मुंबईला. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी सुरू झाली, आणि पुढच्या तीस वर्षांत परळ-लालबाग भागात गिरण्यांच्या चिमण्या उभ्या राहिल्या. माणसं कोकणातून, घाटावरून आली. पगार महिन्याला, पण महिना संपल्यावर लगेच हातात नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळच्या सुपारीबागेत कामगारांच्या सभा घेतल्या आणि ५,५०० कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. त्यातली रविवारच्या सुट्टीची मागणी आपल्याला पाठ आहे. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही : आधीच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा. म्हणजे १५ तारीख ही सवलत वाटावी अशी परिस्थिती होती!

पगार उशिरा देण्यात मालकाचा फायदा काय, हे नीट समजून घ्या. कामगाराचे चार-सहा आठवड्यांचे पैसे कायम मालकाकडे अडकलेले. मग त्यातून कापायचं म्हटलं तर कुणाला विचारायची गरजच नाही. पैसे आधीच तुमच्या गल्ल्यात आहेत. दंडाची सगळी ताकद इथून येते. कामगाराच्या घरी जाऊन त्याच्या खिशातून २०० रुपये मागणं आणि त्याला द्यायच्या पगारातून २०० कमी देणं, या दोन गोष्टी दिसायला सारख्या, पण पहिलीत मालकाला हात पसरावा लागतो आणि दुसरीत कामगाराला.

तर गिरणीत कापलं कशाकशासाठी जायचं? उशिरा आला, दंड. काम खराब झालं, दंड. शिस्त मोडली, दंड. ठरवणार कोण, तर जॉबर, नाहीतर खात्याचा साहेब. किती, तर त्या दिवशी त्याच्या मनात येईल तितका. माझे थोरले आजोबा सोलापूरला एका मिलमध्ये होते, ते याला 'फाइन मारला' म्हणायचे. मारला! शब्दच बघा कसा आहे.

त्यातले दोन प्रकार जरा सविस्तर सांगतो, कारण पुढचा कायदा त्यांच्याकडे बघत लिहिलेला आहे.

पहिला, डबल खाडा. 'खाडा' शब्द तुमच्याकडे आजही चालतो. गवंड्याच्या हाताखालचा माणूस, घरकाम करणारी मावशी, शेतातला गडी, सगळ्यांचा खाडा पडतो. एक दिवस आला नाही, एक दिवसाची मजुरी नाही, इतकंच. गिरणीत मात्र एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापायची पद्धत होती. म्हणजे न केलेल्या कामाचे पैसे तर नाहीतच, वर केलेल्या एका दिवसाच्या कामाचे पैसेही गेले.

दुसरा प्रकार मला जास्त बोचतो. साच्यावर कापड खराब निघालं, डाग पडला, धागा तुटून जाळी झाली, तर ते कापड विणकराच्या गळ्यात मारायचं आणि त्याची किंमत पगारातून कापायची. सूत हलकं असेल, मशीन जुनं असेल, हवेत दमटपणा कमी असेल, कारण काहीही असो. विणकर ते कापड काखोटीला मारून बाजारात जाणार आणि येईल त्या भावात विकणार. म्हणजे गिरणीच्या खराब मालाचं हमखास गिऱ्हाईक कोण, तर गिरणीचाच कामगार. उधारीचा प्रश्न नाही, वसुलीची कटकट नाही.

आणि या सगळ्याला कामगाराची 'संमती' होती बरं का. दारावर नियम लावलेले असायचे. नियम माहीत असून कामावर आलास म्हणजे मान्य आहे, असा तर्क. पुष्कळांना वाचता येत नव्हतं, हा मुद्दा बाजूला ठेवला तरी, वाचता येणाऱ्याला तरी दुसरा पर्याय कुठे होता? गेटबाहेर बदली कामगारांची रांग रोज उभी असायची.

सरकारनं हे केव्हा मनावर घेतलं? १९२५ मध्ये केंद्रीय विधिमंडळात पगार आठवड्याला द्यावा असं एक खासगी विधेयक आलं. ते पुढे गेलं नाही, पण त्यामुळे विषय टेबलावर आला. १९२६ मध्ये भारत सरकारनं सगळ्या प्रांतांना पत्रं पाठवली की तुमच्याकडे पगाराला उशीर किती होतो आणि दंड कसे लावतात ते कळवा. उत्तरं आली, त्यांतून दिसलं की दोन्ही बाबतींत गैरप्रकार आहेत. हे मी माझ्या पदरचं म्हणत नाहीये, पुढे कायद्याचं विधेयक आणताना सरकारनंच हे उद्देशपत्रात लिहिलं.

दरम्यान १९२८ उजाडलं. एप्रिल ते ऑक्टोबर, सुमारे दीड लाख गिरणी कामगार संपावर. सहा महिने! संप मिटला तेव्हा कामगारांच्या सतरा मागण्या आणि मालकांनी तयार केलेले कामाचे नियम, दोन्ही न्यायमूर्ती फॉसेट यांच्या समितीपुढे गेले. कामगाराला काय केल्याबद्दल काय शिक्षा, हा त्या नियमांचा गाभा होता आणि खराब कापडाचा वादही त्या चर्चेत होता. म्हणजे आज दुकानाच्या फरशीवर जो बोर्ड लागलाय, त्याचा पूर्वज त्या समितीच्या टेबलावर होता म्हणा ना.

१९२९ मध्ये रॉयल कमिशन ऑन लेबर नेमलं गेलं, अध्यक्ष जॉन हेन्री व्हिटली, इंग्लंडच्या हाउस ऑफ कॉमन्सचे माजी सभापती. सभासदांमध्ये आपले ना. म. जोशी होते. आणि इथे एक आतली गोष्ट सांगितली पाहिजे. या कमिशनवर बहिष्कार टाकायचा की त्यात जायचं, यावरून कामगार चळवळ फुटली. १९२९ च्या शेवटी नागपूरला आयटकचं अधिवेशन झालं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. बहिष्काराचा ठराव झाला आणि जोशी व त्यांच्यासोबतचे लोक बाहेर पडले. त्यांना तेव्हा काय काय म्हटलं गेलं असेल, कल्पना करा. साहेबाच्या कमिशनात बसणारा माणूस! मला बहिष्कारवाल्यांचं म्हणणंही समजतं. पण आज एखाद्या कामगाराच्या पगारातून दंड कापताना मालकाला जे अडथळे आहेत, त्यातले बरेचसे त्या कमिशनच्या १९३१ च्या अहवालातून आलेत. त्यामुळे जोशींच्या बाबतीत माझं मन जरा त्यांच्याकडे झुकतं.

अहवालात दंडाबद्दल काय म्हटलं होतं? मुलांना दंड नको. दंड महिन्याच्या कमाईत रुपयामागे अर्ध्या आण्यापेक्षा जास्त नको. आणि तिसरी शिफारस, मला विचाराल तर सगळ्यात हुशार : दंडाचे पैसे मालकाला मिळता कामा नयेत. ते कामगारांच्याच हिताच्या कामाला लागले पाहिजेत.

हा मुद्दा जरा थांबून बघू. कमिशननं दंड बंदच करा असं म्हटलं नाही. शिस्तीसाठी दंड लागतो हा मालकांचा दावा होता ना? ठीक आहे, लावा. पण शिस्त हाच हेतू असेल तर पैसे तुमच्या खिशात जायची गरज काय? पैसे कामगारांच्या फंडात टाका, शिस्त तर लागेलच. दंडातून कमाई होणं थांबलं की दंड लावायचा उत्साह किती उरतो ते बघू. मालकाचाच युक्तिवाद त्याच्याच गळ्यात घातला.

विधेयक १९३३ मध्ये आलं, रखडलं, पुन्हा आलं, आणि १९३६ चा चौथा कायदा म्हणून वेतन प्रदान अधिनियम मंजूर झाला. लागू झाला २८ मार्च १९३७ पासून, सुरुवातीला कारखाने आणि रेल्वे यांना, आणि महिना २०० रुपयांच्या आतल्या पगारदारांना. लोखंड्यांची ती १५ तारीख आठवते? कायद्यात ती हजारापेक्षा कमी कामगार असतील तिथे ७ आणि मोठ्या ठिकाणी १० झाली. सुपारीबागेतल्या सभेपासून कायदा लागू होईपर्यंत ५३ वर्षं गेली.

अर्धा आणा म्हणजे किती, हे नव्या मंडळींसाठी सांगतो. १ रुपयाचे १६ आणे, म्हणजे ३२ अर्धे आणे. ३२ रुपये पगार असेल तर महिन्याला जास्तीत जास्त १ रुपया दंड. आजच्या भाषेत तीन टक्के आणि वर थोडं. पुढे आणे गेले आणि कायद्यात सरळ तीन टक्के आलं. अर्धा आणा गेला, प्रमाण मात्र जवळपास तेच राहिलं.

कायद्याची रचना कशी, तर तो 'काय कापता येत नाही' हे सांगत नाही. तो म्हणतो, पगार पूर्ण द्यायचा, आणि कापता येतील अशा गोष्टींची ही यादी. यादीत नाही ते बेकायदा. दंड यादीत आहे, पण अटींसह. कोणत्या कृत्याला दंड, याची यादी सरकारी मंजुरीनंतरच लावायची. कामगाराला म्हणणं मांडायची संधी द्यायची. हप्त्यानं वसूल करायचा नाही. रजिस्टरमध्ये नोंद करायची. खाड्यासाठी जितकी गैरहजेरी तितकंच कापायचं, म्हणजे डबल खाडा गेला. नुकसानभरपाई कापायची तर नुकसान कामगाराच्या हयगयीमुळेच झालं असलं पाहिजे, आणि झालं त्यापेक्षा जास्त कापायचं नाही.

आणि कलम २३. या कायद्यानं दिलेला हक्क सोडून देणारा कुठलाही करार तेवढ्यापुरता रद्दबातल. करार आधी केलेला असो की नंतर. माझ्या भावाच्या त्या सहीच्या कागदाचं उत्तर इथे आहे. सही आहे म्हणून कापलं, हे म्हणताच येत नाही, कारण गिरणीच्या गेटवरच्या 'संमती'ची किंमत काय असते हे कायदा करणाऱ्यांना तोवर कळलं होतं.

कायदा अगदी कामगारांच्या बाजूचा होता असंही समजू नका. त्यात एक काटा आहे. दहा किंवा अधिक कामगार संगनमतानं, नोटीस न देता, सबळ कारणाशिवाय गैरहजर राहिले तर, नोटीस देण्याची अट करारात असेल तेव्हा, आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. एकट्याचा डबल खाडा बंद केला आणि दहा जण मिळून संपावर गेले तर आठ खाडे! १९२८ च्या संपाची आठवण ज्यांना झोंबली होती त्यांनी ही ओळ घालून घेतली असणार, असा माझा तर्क. ही तरतूद आजच्या नव्या कायद्यातही आहे.

आता उमरग्याकडे परतायच्या वाटेवर सोलापूर लागतं, तिथे क्षणभर थांबू. १९३७ मध्ये सोलापूर मुंबई इलाख्यात, ब्रिटिश हिंदुस्थानात. १८७७ ची जुनी मिल, बाकीच्या मिल, सगळ्यांना हा कायदा लागू. तिथून पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर उमरगा, पण ते निजामाच्या हैदराबाद संस्थानात, जिल्हा उस्मानाबाद. वेगळा राजा, वेगळा 'हाली' रुपया, वेगळे कायदे. म्हणजे आमच्या पट्ट्यातला माणूस सोलापूरच्या मिलमध्ये गेला की त्याला अर्ध्या आण्याचं संरक्षण, आणि गावाकडे परत येऊन जिनिंगमध्ये किंवा तेलाच्या घाण्यावर लागला की नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आलं, १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला. आमच्याकडे नोकरदाराच्या हक्कांची भाषा उशिरा का पोचली, याची बरीच कारणं आहेत, पण कायदाच उशिरा आला हे एक कारण मोजायला हरकत नाही.

थोडं इंग्लंडबद्दल, कारण पार्किंगचा हा वाद तिकडे फार पेटलेला आहे. तिथे १८९६ चा ट्रक अ‍ॅक्ट होता, दंडांवर अटी घालणारा. आपला कायदा करणाऱ्यांपुढे तो नमुना होता. पण इंग्लंडनं १९८६ मध्ये ते जुने ट्रक कायदे मोडीत काढले. आता तिथे मुख्य नियम असा की नोकरीच्या लेखी करारात तरतूद असेल किंवा कामगारानं आधी लेखी संमती दिली असेल तर पगारातून कापता येतं. म्हणजे तिथे सहीला वजन आहे. शिवाय खासगी पार्किंग कंपन्या. २०१५ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टानं बॅरी बीव्हिस नावाच्या वाहनचालकाच्या खटल्यात निकाल दिला : दोन तास फुकट असलेल्या जागेत तो ५६ मिनिटं जास्त थांबला आणि त्याला लावलेले ८५ पौंड योग्य ठरले. बोर्ड मोठ्या अक्षरात होता, तू गाडी लावलीस, करार झाला. आणि २०१७ मध्ये कार्डिफच्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटल ऑफ वेल्समधले ७५ कर्मचारी अशाच पार्किंग कंपनीपुढे कोर्टात हरले. स्वतःच्या कामाच्या ठिकाणी गाडी लावल्याबद्दल! रात्रपाळीच्या नर्सनं गाडी लावायची कुठे, हा प्रश्न तिथेही होताच.

आपल्याकडे गोष्ट वेगळी का होते ते आता बघू. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९३६ चा कायदा गेला आणि त्याच्या जागी वेतन संहिता, २०१९ लागू झाली. पण दंडाची कलमं जवळपास तशीच उतरली आहेत. उलट व्याप्ती वाढली. जुन्या कायद्याला पगाराची मर्यादा होती, शेवटी शेवटी २४,००० रुपये. संहितेत ती नाही. 'आस्थापना' शब्दही रुंद आहे, दुकान, हॉटेल, पेट्रोल पंप सगळं त्यात येतं. सरकारी कार्यालयांना हे प्रकरण आपोआप लागू होत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

तर भावाचे सहाशे. मालक म्हणेल, हा दंड आहे. मग विचारायचं, चुकीच्या जागी गाडी लावणं हे कृत्य सरकारी मंजुरी घेतलेल्या यादीत आहे का? बोर्ड रंगवून आणला म्हणजे मंजुरी झाली असं नाही. म्हणणं मांडू दिलं का? फोटो थेट हिशेबात गेला. तीन टक्क्यांत बसतं का? १३,००० चे तीन टक्के होतात ३९०. म्हणजे बाकी सगळं बरोबर असतं तरी २१० रुपये जास्तच कापले. रजिस्टर कुठे आहे? आणि पैसे कामगारांच्या हिताच्या कामाला गेले का?

मालक म्हणेल, दंड नाही, जागेचं भाडं आहे. मालकानं दिलेल्या सोयीसुविधेचे पैसे कापता येतात, हे यादीत आहे खरं. पण सरकारनं ती सुविधा मान्य केलेली हवी आणि सुविधेच्या किमतीपेक्षा जास्त कापता येत नाही. उमरग्यात मोटारसायकल दिवसभर उभी करायची किंमत २०० रुपये कोण म्हणेल? आणि मुळात बोर्डावर तर 'लावू नये' लिहिलंय. जी सुविधा द्यायचीच नाही तिचं भाडं कसं?

मग मालक म्हणेल, ठीक, पगारातून कापत नाही, त्या कंत्राटी माणसाकडे रोख भरा. इथे कायद्यात एक छोटं स्पष्टीकरण आहे, जुन्यातही होतं, नव्यातही आहे : कामगारानं मालकाला किंवा मालकाच्या एजंटला दिलेला पैसा म्हणजे पगारातून केलेली कपातच समजायची. एका वाक्यात मागचं दार बंद.

जागा खरोखरच तिसऱ्याची असेल, समजा एखाद्या कॉम्प्लेक्सचं पार्किंग स्वतंत्र कंपनी चालवते, तर प्रश्न बदलतो. तिचा आणि गाडीवाल्याचा करार होऊ शकतो. पण १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे तिला वाजवी भरपाईच मागता येईल, बोर्डावरचा आकडा ही फक्त वरची मर्यादा. आणि त्यासाठी तिनं दिवाणी कोर्टात जायचं. कोर्टाचा हुकूम नसताना मालकानं तिच्या वतीनं पगार कापायचा नाही. ट्रॅफिक पोलिसांचं चलान हा तर पूर्ण वेगळा विषय, तो दंड सरकारचा.

मालकाच्या हातात काहीच उरत नाही असं नाही हं. जागा त्याची आहे. गाडी आत घेऊ नको म्हणू शकतो, साखळी लावू शकतो, लेखी समज देऊ शकतो, वारंवार झालं तर रीतसर कारवाई करू शकतो. आणि गिऱ्हाइकाला जागा मिळावी ही त्याची गरजही खोटी नाही, बाजाराच्या दिवशी त्या रस्त्याला गाडी लावून दाखवा. त्याला फक्त पगाराला हात लावता येत नाही.

दाद कुठे मागायची? कामगार खात्याकडे अर्ज, तीन वर्षांच्या आत. पैसे दिले हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर. प्राधिकारी कापलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत भरपाई देऊ शकतो. ही दहापटही १९३६ चीच.

हे सगळं मी भावाला फोनवर सांगितलं. तो ऐकत होता. मग म्हणाला, "दादा, सहाशेचे सहा हजार मिळतील, पण उद्या 'येऊ नको' म्हटलं तर?" माझ्याकडे याला चांगलं उत्तर नव्हतं. गेटबाहेरची ती बदलीची रांग मी तुम्हाला मघाशी रंगवून सांगितली, ती त्याच्या डोळ्यासमोर होती. उमरग्यात तेरा हजारांच्या नोकरीला बसणारी पोरं किती आहेत हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मुंबई-पुण्याला जाणारी रात्रीची बस त्याच दुकानापुढून जाते.

शेवटी त्यानं एक केलं. अर्ज नाही, भांडण नाही. मॅनेजरला नुसतं विचारलं, "साहेब, दंडाचं रजिस्टर कुठं असतं? माझं नाव बरोबर लिहिलंय का बघायचं होतं." मॅनेजर म्हणाला, "कसलं रजिस्टर?" आणि दोन दिवसांनी त्याला आत बोलावून विचारलं, हे तुला कुणी सांगितलं. याने सांगितलं, मोबाइलवर वाचलं.

फेब्रुवारीच्या पगारात कुणाचंच काही कापलं नाही. बोर्ड अजून आहे, पण आकड्यावर कागद चिकटवलाय. जानेवारीचे सहाशे परत आलेले नाहीत. अर्जाचा मसुदा आम्ही दोघांनी मिळून केलाय, पाऊण पान आहे, त्याच्या मोबाइलमध्ये पडून आहे. मुदतीला अजून वेळ आहे. आणि गाड्या मागच्या बोळातच लागतात. पोरांनी वर्गणी काढून तिथे एक दिवा लावून घेतलाय.